चौथं गाव

प्रांजली आणि नितेश कुळमेथे यांचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांतून एकच प्रश्न आला होता. राहणार कुठे?

प्रश्न रास्तच होता. प्रांजली मुंबईत हवेच्या प्रवाहांवर संशोधन करायची. नितेश डॉक्टर होता. गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, प्राणहिता नदीच्या काठी वसलेल्या प्राणपूरमध्ये तो सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी छोटं रुग्णालय चालवत होता. तिथलाच, गोंड घरातला मुलगा. त्याची मोठी बहीण याच आजाराने शाळेत असतानाच गेली होती. "मी प्राणपूर सोडून येईन असं मनात धरू नको," त्याने दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच सांगून टाकलं होतं. "आणि तू तुझं काम सोडून यावं असं मीही कधी म्हणणार नाही."

मग उरलं विमान. प्राणपूरला तेव्हा नुकताच विमानतळ झाला होता. एक धावपट्टी, एक ठेंगणा मनोरा, शाळेच्या दोन वर्गांएवढी इमारत. मुंबईहून रोज एक सत्तर आसनांचं, पंख्यांचं विमान यायचं आणि तासाभराने परत जायचं. रस्त्याने नुसतं नागपूर गाठायचं तर सात तास. विमानाने मात्र शुक्रवारी दुपारी मुंबईत जेवलेली प्रांजली संध्याकाळच्या चहाला प्राणपूरच्या अंगणात हजर असे. सोमवारी संध्याकाळच्या विमानाने परत. लोकांना हा संसार विचित्र वाटायचा. त्या दोघांना सहा वर्षांत तो कधी विचित्र वाटला नाही.

त्याच विमानातून नितेशचं औषधही यायचं. सिकलसेलवर आता पक्का इलाज निघाला होता. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढून घ्यायच्या, मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करायचं आणि त्याच पेशी त्याच माणसाच्या अंगात परत सोडायच्या. त्याआधी कडक औषध देऊन त्याची जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागे, नवं बी पेरण्याआधी शेतातलं सगळं उपटून जमीन मोकळी करावी तशी. नव्या पेशी रुजेपर्यंत त्या माणसाला कसलंच संरक्षण नसे. साधी सर्दीही जीव घेऊ शकायची. दुरुस्त पेशी गोठवून आधीच आणून ठेवता आल्या असत्या, तर प्रश्नच नव्हता. पण ही नवी, स्वस्त पद्धत अशी की गोठवलं की निम्म्याहून जास्त पेशी मरायच्या. म्हणून त्या ताज्याच आणायच्या, आणि प्रयोगशाळेतून निघाल्यापासून दिवसाच्या आत रुग्णाला द्यायच्या. तिकडे मज्जा रिकामी व्हायची आणि इकडे विमान सुटायचं. या दोन्हींची गाठ चुकून चालायचं नाही.

आणि ती कधी चुकली नव्हती.

*

मुंबईच्या उत्तरेला समुद्रात भराव घालून देशातला सगळ्यात मोठा विमानतळ उभा राहत होता. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला सागरतळ म्हणायचे. जुन्या मुंबईची सगळी उड्डाणं तिकडे हलणार होती. चार धावपट्ट्या होत्या, पण धावपट्ट्या वाढवल्या तरी एक अडचण तशीच राहते, आणि त्या अडचणीवरच प्रांजलीचं सगळं काम होतं.

विमान उडतं तेव्हा त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे सुटतात. विमान जितकं जड, तितके भोवरे जोरकस. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोठं विमान निघून गेल्यावरही काही मिनिटं आकाशात फिरत राहतात. मागून येणारं लहान विमान त्यात सापडलं तर पालथं होऊ शकतं. म्हणून दोन विमानांमध्ये अंतर ठेवावं लागतं, आणि त्या अंतरातच विमानतळाचा दिवस संपून जातो.

प्रांजलीने हे भोवरे दिसतील असं यंत्र बनवलं. धावपट्टीच्या अलीकडे पेरलेले लेसर हवेतल्या धुळीच्या कणांची हालचाल टिपायचे. भोवरा कुठे आहे, किती दमला आहे, वाऱ्याने कुठे सरकला आहे, हे सगळं क्षणोक्षणी कळायचं. त्यामुळे पुढच्या विमानाला अंदाजाने थांबवायची गरज उरली नाही. भोवरा मेला की लगेच उतरवायचं. चाचण्यांत एकेका धावपट्टीवर जवळजवळ दीडपट विमानं उतरू लागली.

"आता प्राणपूरसाठी रोज दोन विमानं ठेवता येतील," तिने नितेशला सांगितलं होतं. रुग्णालयाच्या पायरीवर ती मैनीबरोबर लसूण सोलत बसली होती. मैनी मट्टामी ही बावीस-तेवीस वर्षांची माडिया मुलगी रुग्णालयाचं स्वयंपाकघर सांभाळायची आणि तिथेच उपचारही घ्यायची. महिन्या-दोन महिन्यांतून तिच्या हातापायांत अशा कळा उठायच्या की ती उशी दातांत धरून पडून राहायची. बरी झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपाशी.

"दोन इमानं आली तं वैनी आठ दिवसांत दोनदा येईल का?" मैनीने विचारलं.

"आणि तुझ्या हातचं खाऊन जाड होईल," नितेश म्हणाला.

*

सागरतळ सुरू व्हायच्या काही महिने आधी प्रांजलीने वेळापत्रकाची पहिली पूर्ण चाचणी घेतली. कुठलं विमान केव्हा उतरवायचं हे माणसं ठरवणार नव्हती. त्यासाठी एक स्वयंचलित प्रणाली होती. तिला एकच काम सांगितलेलं होतं, की दिवसभरात जास्तीत जास्त प्रवासी उतरले पाहिजेत. प्रांजलीने आपलं यंत्र तिला जोडलं आणि पडद्यावर दिवस चालू केला.

लहान गावांची विमानं दिसेचनात.

तिला आधी वाटलं, काही जोडायचं राहिलं. तिने पुन्हा तपासलं. चूक नव्हती. भोवऱ्यांचं गणितच तसं होतं. मोठ्या विमानामागे मोठं विमान लगेच येऊ शकतं, कारण त्याला भोवऱ्याचा धक्का सोसतो. सत्तर आसनांच्या विमानाला मात्र भोवरा पुरता मरेपर्यंत थांबावं लागतं. सगळ्यांची अंतरं पूर्वी ढोबळ होती तेव्हा हा फरक फारसा जाणवत नसे. तिच्या यंत्राने मोठ्यांमधली अंतरं पार आवळली, आणि लहान विमानाला लागणारी मोकळी जागा एकदम महाग झाली. एक लहान विमान उतरवायचं तर दोन प्रचंड विमानं थांबवावी लागणार होती. रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, आणि सायकलवाल्याला रस्त्यावर उतरणंच अशक्य झालं, तसं हे होतं.

अशी अकरा गावं होती. मुंबईची जोड तुटली की त्या गावांच्या विमानतळांवर दुसरं कोण उतरणार? तिथले प्रवासी मुंबईसाठी आणि मुंबईवरून पुढे जाण्यासाठीच तर येत होते.

तिने हे लपवलं नाही. त्याच आठवड्यात ती प्रकल्पप्रमुख दस्तूर सरांकडे गेली, मग त्यांच्या वरच्यांकडे. बैठकांमागून बैठका झाल्या. समुद्रात इतका भराव घातलेला, जगभरच्या कंपन्यांना शब्द दिलेले. मोठी विमानं कमी करायला कोणी तयार नव्हतं. अखेर एक तोड निघाली. दिवसात तीन वेळा प्रणाली मुद्दाम थांबवायची आणि लहान विमानाला जागा करून द्यायची. तीन जागा, म्हणजे तीन गावं.

"कुठली तीन, ते ठरवायचं सूत्र तू लिही," दस्तूर म्हणाले. "लढलीस तू. तुझ्याइतकं हे कोणाला कळत नाही."

तिने आठवडाभर सूत्रावर काम केलं. दुसरा विमानतळ रस्त्याने किती लांब, पावसाळ्यात तो रस्ता किती दिवस बंद, जीव वाचवण्यासाठी विमान लागलं असे किती रुग्ण, गावावर विसंबलेली माणसं किती. कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते तिने गावांची नावं झाकून ठरवलं, आणि मगच नावं उघडली.

प्राणपूर चौथं आलं होतं. तिसरं होतं बेलदरा, डोंगरातलं गाव, जिथून दरड कोसळली की आठ-आठ दिवस कोणी बाहेर पडू शकत नसे आणि जिथली कमी दिवसांची बाळं विमानाने मुंबईला आणावी लागत. दोघांत फरक अगदी थोडा होता.

दस्तूरांनी आकडे पाहिले. त्यांना तिचा शुक्रवार माहीत होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"प्रांजली, रस्त्याच्या लांबीचं वजन जरासं वाढव," ते हळूच म्हणाले. "त्यालाही कारण देता येईल. कोणी विचारणार नाही."

"मला माहितेय," ती म्हणाली.

तिने नितेशला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. तो काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं. तो म्हणेल, आकड्यांना हात लावू नको. आणि मग प्राणपूरचं विमान त्याच्या तोंडून बंद झाल्यासारखं होईल. ते ओझं त्याच्यावर कशाला टाका, असा तिने विचार केला. तिने सूत्र होतं तसंच पाठवलं.

शुक्रवारी प्राणपूरला पोचल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो अंगणात खाटेवर बसून ऐकत होता.

"बरोबर केलं तू," तो म्हणाला. "मला विचारलं असतं तं मीही हेच म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

"पण ते मला म्हणू द्यायचं होतं, प्राजू. इथं माझी माणसं आहेत. त्यांच्यासाठी 'नाही' म्हणायचं होतं, तं ते मी म्हणायला पाहिजे होतं. तू मला सोडून एकटीनंच निस्तरून टाकलं."

आत मैनी ताटं वाढत होती. जेवताना तिघंही हवापाण्याचं बोलले.

*

ठरल्याप्रमाणे प्राणपूरचं विमान सप्टेंबरअखेर बंद व्हायचं होतं. त्याआधी ज्यांचे उपचार पुरे होतील त्यांचे करून घ्यायचे, असं नितेशने ठरवलं. अशी तीन माणसं होती आणि शेवटचा नंबर मैनीचा होता. ती इतरांना पुढे करत राहिली होती. तिच्या पेशी मुंबईला गेल्या, दुरुस्त झाल्या. सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात नितेशने तिला काचेच्या खोलीत ठेवलं आणि मज्जा रिकामी करायचं औषध सुरू केलं.

औषधाचा शेवटचा डोस गेला, आणि दुसऱ्या दिवशी विमान कंपनीने प्राणपूरची सेवा त्या दिवसापासून थांबवली. वैमानिक आणि विमानं सागरतळाच्या कामासाठी हवी होती, तोट्यातला मार्ग आणखी दोन आठवडे ओढायची त्यांची तयारी नव्हती. मनोऱ्यातली माणसं त्याच दिवशी परत बोलावली गेली. ढगांतून विमान खाली आणणारी यंत्रणाही बंद झाली.

नितेशचा फोन आला तेव्हा प्रांजली कामावर होती. तिने त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"तिच्या अंगात आता काहीच नाही," तो म्हणाला. "औषध मागं घेता येत नाही. पेशी आल्याच पाहिजेत."

प्रांजली स्वतः प्रयोगशाळेत गेली. पेशींची पेटी मांडीवर घेऊन ती नागपूरच्या विमानात बसली. उतरल्याबरोबर ठरवलेली गाडी होती. हेलिकॉप्टरसाठी तिने प्रत्येकाचे पाय धरले होते, पण दक्षिणेकडे ढग झाडांच्या शेंड्यांवर टेकले होते आणि त्यातून खाली आणणारी यंत्रणा आता प्राणपूरला नव्हती. रस्त्यानेच जायचं होतं.

आलापल्लीच्या पुढे पाऊस लागला. पहिला नाला गाडीने कसाबसा ओलांडला. दुसऱ्यावर पुलाच्या वरून पाणी वाहत होतं आणि अलीकडे लाकडांचे ट्रक एकामागे एक उभे होते. ड्रायव्हरने गाडी बंद केली. "मॅडम, पाणी उतरल्याबिगर जमत नाही," तो म्हणाला. ती पेटीवर आपला रेनकोट घालून बसून राहिली. पेटीच्या झाकणावर आतल्या जिवंत पेशींचं प्रमाण दाखवणारा हिरवा पट्टा होता. दुपार कलली तसा तो आखूड होत गेला. तिने आयुष्यभर न दिसणारे भोवरे दिसावेत म्हणून यंत्रं बनवली होती. हे दिसत होतं, आणि करता येण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी पाणी ओसरलं. पेटी प्राणपूरला पोचली तेव्हा पट्टा जेमतेम बोटाच्या पेराएवढा उरला होता. नितेशने पेटी घेतली, पाहिली, आणि आत नेली. पेशी द्यायच्याच होत्या. दुसरं काय करणार?

मैनीने काचेआडून हात हलवला. डोक्यावरचे केस गेलेले, ओठ सोललेले. फोनवरून तिचा आवाज आला. "वैनी, तू भिजली किती. चूल पेटवून घे ना. कोणी चहा देल्ला का तुले?"

पेशी रुजल्या नाहीत. नव्या पेशी पुन्हा काढायला तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. नितेश तिला मोठ्या रुग्णालयात हलवायच्या खटपटीत होता, पण रस्त्याचे ते धक्के सोसण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचा बाप न्यायला आला होता. त्याने नितेशचे दोन्ही हात धरले आणि माडियात काहीतरी म्हणाला. नितेश त्यानंतर खोलीत जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. बाप काय म्हणाला ते त्याने प्रांजलीला कधी सांगितलं नाही.

*

त्यानंतर प्रांजली महिन्यातून एकदा येऊ लागली. आधी नागपूरपर्यंत विमान, मग सात तास बस. पोचायची तेव्हा अंग आंबलेलं असायचं. एक दिवस राहून परत निघायचं. दोघं एकमेकांना जपून वागत. ती आल्यावर तो पाणी तापवून ठेवायचा, तिची पाठ शेकून द्यायचा. बोलण्यात मात्र काही राहिलं नव्हतं. एकाने काही म्हटलं की दुसरा लगेच "हो" म्हणायचा.

मार्चमध्ये तिने सांगितलं, "मी राजीनामा देते. इथेच येऊन राहते. मला हे असं नको आहे."

नितेश रुग्णांसाठी आणलेली मोसंबी टोपलीत लावत होता. तो तसाच थांबला.

"येऊ नको," तो म्हणाला.

"माझं चुकलं असं वाटतं ना तुला?"

"नाही ना. तेच तं आहे." तो तिच्यासमोर खाली बसला. "बेलदऱ्यातून या हिवाळ्यात सात बाळं विमानानं मुंबईला नेली. मी फोन करून विचारलं. सातही जगली. तू आकडा बदलला असता तं त्यांतली किती राहिली असती? तुझं काहीच चुकलं नाही, प्राजू. चुकलं असतं तं मी भांडलो असतो, रागावलो असतो, आणि मग कधीतरी माफ केलं असतं. आता माफ काय करू? तू समोर आली की मला ती काचेची खोली दिसते. मी रोज सकाळी मनाला समजावतो, आणि रोज ते समजत नाही."

"समजेल हळूहळू," ती म्हणाली.

"तोवर मी तुला किती छळीन माहीत आहे का? गप्प राहून छळीन. आत्ताच छळून राहिलो."

ती रडली. तोही रडला. मग रुग्णालयातून बोलावणं आलं आणि तो डोळे पुसून गेला. दुसऱ्या दिवशी तो तिला बसपर्यंत सोडायला आला, तिची बॅग वर चढवली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. बस सुटेपर्यंत उभा होता. पुढच्या वर्षी दोघांनी समजुतीने घटस्फोट घेतला. कोर्टातही त्यांनी एकमेकांबद्दल वाईट काही सांगितलं नाही, तेव्हा न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं, की नक्की ना?

*

प्रांजलीने राजीनामा दिला नाही. तिने सायकलवाल्याचा प्रश्न हातात घेतला. भोवरा मरायची वाट पाहण्याऐवजी लहान विमानालाच तो आधी दिसला तर? विमानाच्या नाकावर लहानसा लेसर बसवायचा, पुढची हवा कशी फिरते आहे ते त्याने वाचायचं, आणि धक्का बसायच्या क्षणभर आधी पंखांच्या झडपांनी उलट दिशेला जोर लावायचा. पालथं व्हायच्या आत विमान सावरलेलं असेल. ऐकायला सोपं होतं, जमायला तीन वर्षं लागली. चाचणीच्या विमानात ती स्वतः बसायची. कोणी नको म्हटलं तर ऐकायची नाही.

जमलं तेव्हा लहान विमान मोठ्याच्या मागे जवळजवळ मोठ्याइतक्याच लवकर उतरू लागलं. प्रणालीला आता ते नकोसं राहिलं नाही. विमान गमावलेल्या आठपैकी पाच गावांना ते परत मिळालं. राहिलेल्या तीन ठिकाणचे विमानतळ एव्हाना मोडून टाकले होते.

प्राणपूरचं पहिलं विमान फेब्रुवारीत निघालं. दस्तूरांनी आग्रहच धरला म्हणून ती गेली. विमानातल्या शीतपेटीत एका मुलाच्या पेशी होत्या. ती पेटी कोणाकडे चालली आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

विमान उतरलं. लोक ढोल वाजवत होते, सरपंचबाई हार घेऊन उभ्या होत्या. धावपट्टीच्या कडेला रुग्णालयाची गाडी होती आणि तिच्याजवळ नितेश. केस बरेच पांढरे झाले होते. तो थेट पेटीकडे गेला, झाकणावरचा हिरवा पट्टा पाहिला. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला होता. त्याने डोळे मिटले, उघडले, पेटी गाडीत ठेवायला दिली. मग त्याला ती दिसली.

तो जवळ आला. चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद होता, आणि त्याने खूप मनापासून हात जोडले.

"फार मोठं काम केलं," तो म्हणाला. "पोरगा नऊ वर्षांचा आहे. उद्या-परवा काचेतून हात दाखवील."

"बरं वाटलं ऐकून."

गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. नितेशने मागे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "मला निघावं लागेल. पण तुम्ही आज राहा ना. विमान उद्याही आहे. जेवायलाच या आमच्याकडे."

लग्नाआधीच्या पहिल्या भेटीपासून त्याने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. भांडतानाही नाही, कोर्टातही नाही. आता ते इतकं सहज तोंडून गेलं होतं, की त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"नको, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्ही निघा. मुलगा वाट बघत असेल."

तो पळतच गाडीकडे गेला. गाडी धूळ उडवत गावाकडे वळली. सरपंचबाईंनी प्रांजलीच्या गळ्यात हार घातला, कोणीतरी फोटो काढला, चहा आला. परतीचं विमान सुटायला थोडा वेळ होता. ती सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसली आणि पट्टा बांधला.